खोली नंबर चार आणि घरची हळद

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ह्या लिखाणात माझं नाव नाही आणि बाकीच्यांची नावं मी बदलली आहेत. स्वभाव संशयी आहे, काय करणार. दारू सुटली, पण हा स्वभाव काही सुटला नाही. आमच्या रविवारच्या बैठकीतले सखारामकाका म्हणाले, "लिहून काढ, एखाद्याला उपयोग व्हईल." मी लगेच विचारलं, "एखाद्याला म्हणजे कोणाला? तुमच्या डोक्यात कोण हाय?" ते हसले आणि चहा पीत बसले. शेवटी वही आणली ती मीच.

मी वीज मंडळात लाइनमन. गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडचं. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, ते सगळं धाकटा भाऊ बघायचा. मी खांबावर चढायचो. शेवटची काही वर्षं पिऊनच चढायचो, हे लिहिताना आजही तळहाताला घाम येतो.

पिवळे डोळे

डोळे पिवळे झाल्याचं मला सेनगावच्या न्हाव्यानं सांगितलं. दाढी करताना वस्तरा थांबवून तो म्हणाला, "दादा, डोळ्यात हळद घातली काय?" मी त्याच्यावर डाफरलो. दोन दिवसांनी ऑफिसच्या आवारात रक्ताची उलटी झाली आणि साहेबांनी मला जीपमध्ये घालून नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "किती पिता?"

"सणासुदीला, घोटभर," मी म्हणालो.

माझी बायको गिरजा खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. ती पदर सावरून उभी राहिली. "सायेब, ह्यांचा सण रोज सकाळी सातालाच सुरू व्हतो."

डॉक्टर हसला नाही. त्यानं पोट चाचपलं, कागद बघितले आणि सरळ सांगितलं, की लिव्हर खराब झालं आहे आणि आता पुन्हा दारू घेतली तर पुढचं वर्ष दिसणार नाही. गिरजानं खाटेची कड घट्ट धरली. मला मात्र वाटलं, हा घाबरवून राहिला. येईल त्याला हेच सांगत असणार. डॉक्टर पुढे गेल्यावर मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारलं, "तुला काय म्हणला?" तोही माझ्यासारखाच पिवळा. म्हणाला, "हेच. एक वर्ष." मला हायसं वाटलं. बघ, सगळ्यांना एकच पाढा वाचतात, असं मी गिरजाला म्हणालोसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तर त्या खाटेवरची चादर सिस्टर घडी करत होती. मी विचारलं, "घरी सोडलं का त्याला?" तिनं चादर काखेत मारली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

दारू तुटल्यावर जे होतं ते सगळं झालं. हात थरथरायचे, घाम फुटायचा. एका दुपारी मला वॉर्डातल्या प्रत्येक खाटेखाली मेंढरं दिसायला लागली. आमचीच, कानाला खूण केलेली. मी "हुर्र हुर्र" करून ओरडायला लागलो, सलाईन ओढून उठायला लागलो. लोक बघून हसत होते. गिरजानं माझ्याशी वाद घातला नाही. म्हणाली, "तुमी पडून ऱ्हावा, म्या हाकलते." आणि खरंच ती उठली, पदर खोचला, एकेका खाटेपाशी वाकून "हुर्र, चल" करत भर वॉर्डातून ती मेंढरं व्हरांड्यात नेऊन सोडून आली. मग कुठं मी निजलो.

घरी आल्यावर तिनं एक रीत सुरू केली. संध्याकाळी मी उंबऱ्याशी आलो की ती समोर उभी राहायची आणि म्हणायची, "ह करा." मी तोंड उघडून श्वास सोडायचा, तिनं वास घ्यायचा, मगच पाय आत टाकायचा. आमची मंगल तेव्हा दहा वर्षांची होती. तीही दप्तर घेऊन बाजूला उभी राहून निकालाची वाट बघायची. मला ह्या प्रकाराचा भयंकर राग यायचा.

मेलेल्या चुलत्याच्या नावानं पत्र

दवाखान्यातून सोडताना सिस्टरनं एक कागद दिला होता. दारू सोडलेल्या माणसांच्या बैठका भरतात, ह्या पत्त्यावर पत्र टाका, ते तुमच्या जवळची जागा कळवतील, असं ती म्हणाली. पत्ता म्हणजे नांदेडच्या पोस्टातला पेटी नंबर. माणसाचं नाव नाही, ऑफिस नाही. मला वाटलं, हिचं ह्यात काहीतरी कमिशन असणार. महिनाभर तो कागद खाकी शर्टाच्या खिशातच राहिला. धुणं धुताना गिरजाला सापडला, तिनं उन्हात वाळवला आणि देवळीत खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला.

"लिहा," ती म्हणाली.

पोस्टकार्ड लिहायची सोय नव्हती. आमच्याकडचा पोस्टमन कार्डं आधी पारावर वाचून दाखवायचा आणि मग घरी द्यायचा. म्हणून अंतर्देशीय पत्र आणलं. त्यावरही स्वतःचं नाव घातलं नाही. वारलेल्या चुलत्याचं नाव घातलं आणि पत्ता दिला सेनगावच्या एका शिंप्याच्या दुकानाचा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शिंपी पत्र उलटसुलट करत म्हणाला, "तुमचे काका तर वारले न्हवं? मंग त्यायला पत्र कोण लिहून राहिलं?" मी पत्र ओढून घेतलं.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता, हिंगोलीतली एक शाळा, मागची इमारत, खोली नंबर चार. आणि खाली एक ओळ: नाव सांगण्याची सक्ती नाही.

तेव्हा हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. जिकडंतिकडं नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, रविवारीसुद्धा कसल्या ना कसल्या सभा. शाळेत दोन इमारती आहेत आणि दोन्हींत खोली नंबर चार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी 'मागची' हा शब्द वाचूनही पुढच्या इमारतीत शिरलो, कारण मागं जाताना कोणी बघितलं तर काय, ही भीती.

खोली भरलेली होती. टाय लावलेला एक माणूस फळ्यापाशी उभा होता. मी आत जाताच त्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "तुम्हाला आपलं आयुष्य बदलायचंय का?" तो ओरडला. "होय!" सगळे ओरडले. मला वाटलं, जागा हीच. म्हटलं, आता आलोच आहे तर उरकून टाकावं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "म्या दारू पितो. म्हणजे पीत व्हतो. अडीच महिने झाले बंद हाय."

टायवाला क्षणभर गांगरला, पण माणूस पक्का होता. म्हणाला, "वा! अशाच हिमतीच्या माणसांची आपल्याला गरज आहे! तुम्ही फक्त चार माणसं आणायची. ती चार माणसं आणखी चार आणतील."

चार दारुडे आणणं मला अवघड नव्हतं, सेनगावच्या स्टँडवरच मिळाले असते. मी मान डोलावली. मग त्यानं फळ्यावर गोलाखाली गोल काढले आणि पिशवीतून साबणाच्या वड्या, दंतमंजनाच्या डब्या काढल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चपला हातात घेऊन पळालो.

बाहेर नळावर एक म्हातारा कपबशा विसळत होता. मला बघून म्हणाला, "मागल्या इमारतीत या भाऊ, पुढल्या रविवारी."

"मला कुठं जायाचं हाय, तुमाला काय माहीत?"

"साबणवाल्याकडं आधी जाऊन आलेले आमच्यात लई हायत," तो म्हणाला.

हेच सखारामकाका, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. एकच विचार, ह्यानं माझं तोंड ओळखून ठेवलं. घरी गेलो तर गिरजा दारातच. आधी ह करायला लावलं, मग विचारलं, "काय म्हणले?"

"साबण विका म्हणले."

मी तरी दुसरं काय सांगणार होतो?

फुकट काहून?

पुढच्या रविवारी मी आत गेलो नाही. शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून मागच्या इमारतीवर नजर ठेवली. सात माणसं आत गेली. तासाभरानं बाहेर आली ती हसत. त्यानं माझा संशय आणखी वाढला. दारू सोडलेली माणसं हसतील कशाला? नक्कीच आत बसून पितात, असं मी ठरवलं. ते गेल्यावर नळापाशी जाऊन त्यांच्या कपांचा वास घेतला. नुसत्या चहाचा वास, तोही साखर जास्त झालेल्या.

तिसऱ्या रविवारी गेलो. दाराजवळची खुर्ची धरली, चपला पायातच ठेवल्या. मनात सगळे हिशोब चालू होते. हे धर्म बदलायला लावणारे असतील. पुढच्या निवडणुकीसाठी माणसं गोळा करत असतील. नाहीतर गोड बोलून नांदेडला नेऊन किडनी काढून घेत असतील, तेव्हा असल्या बातम्या फार चालायच्या. कोणी खांद्यावर हात ठेवला की मी आधी खिसा चाचपायचो.

एकेक जण उठून बोलत होता. आपलं पहिलं नाव, मी दारुडा आहे, आणि मग स्वतःची गोष्ट. एकानं बायकोच्या बाळंतपणात केलेला तमाशा सांगितला. दुसऱ्यानं वडिलांच्या तेराव्याला काय केलं ते सांगितलं. कोणी उपदेश केला नाही, कोणी मध्ये बोललं नाही. शेवटी मी काकांना विचारलं, "फी किती?"

"न्हाई."

"मंग फुकट काहून चालवता?"

"म्या न्हाई चालवत. म्या पिऊ नये म्हणून इथं येतो," काका म्हणाले.

"बरं, शपथ कधी उचलायची?"

"शपथ न्हाई. आजचा दिवस पिऊ नका. उद्याचं उद्या बघू."

मला तो अपमान वाटला. मी आजन्माच्या शपथा उचललेला माणूस! लेकराच्या डोक्यावर हात ठेवून झाला होता, पंचांसमोर भंडारा उचलून झाला होता. आणि हा मला एका दिवसाचं सांगतो. मनात म्हटलं, इथं काही दम नाही. तरीही पुढच्या रविवारी गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित त्या खोलीत मला कोणी ह करायला सांगत नव्हतं म्हणून असेल.

त्यांचा एकच नियम होता. इथं ऐकलेलं इथंच ठेवून जायचं. तो मी प्रत्येक वेळी ऐकायचो आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, बघू.

भंडारा

चार महिने झाले. माझ्याशेजारी बसायचा तो बळी. आखाडा बाळापूरला रस्त्याकडेला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अकरा महिने दारूशिवाय काढलेला, बोलायला कमी, हाताच्या नखांत कायम काळं ग्रीस. त्याची बहीण पुसेगावला दिलेली आहे, असं एकदा बोलता बोलता त्यानं सांगितलं. पुसेगाव म्हणजे माझ्या गिरजाचं माहेर. मी ते मनात टिपून ठेवलं.

त्या महिन्यात एका रविवारी मी पहिल्यांदा खरं बोललो. आजवर कोणालाच न सांगितलेलं.

आमच्या समाजात बेल-भंडारा उचलणं ही शेवटची शपथ. खंडोबासमोर पंच बसतात. माणूस तळहातावर बेलाचं पान आणि देवाचा भंडारा घेतो आणि वचन देतो. भंडारा म्हणजे हळदच, पण जेजुरीहून आणून देवाला वाहिलेली. ते वचन मोडलं तर देव घरावर येतो, लेकराबाळांना भोगावं लागतं, असं सगळे मानतात. मीही मानतो. आठ वर्षांपूर्वी गिरजाच्या भावांनी पंच बसवले आणि मला सांगितलं, सकाळी भंडारा उचल, नाहीतर बहिणीला घेऊन जातो.

मला माहीत होतं की माझ्यानं राहवणार नाही. म्हणून पहाटे उठून मी देवाच्या वाटीतला भंडारा कागदात बांधून गोठ्याच्या वळचणीला खोचला आणि वाटीत स्वयंपाकाच्या डब्यातली हळद भरली. बेल मात्र खरा होता. पण नुसत्या बेलानं शपथ लागत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पंचांसमोर तळहात पुढे केला, मोठ्यानं वचन दिलं. सासरचे लोक रडले. मी सहाव्या दिवशी प्यालो.

देवाला फसवलं, पंचांना फसवलं, आणि सगळ्यांत जास्त त्या बाईला फसवलं, असं म्हणालो. बळीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. परत येताना एस.टी.त मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

थांबा

पंधरा-वीस दिवसांनी चंपाषष्ठी आली. आमच्याकडं त्या दिवशी तळी भरतात, म्हणजे खोबरं-भंडाऱ्याचं ताट खंडोबापुढं उचलतात. घरात भावकी जमलेली, भरीत-भाकरीचा वास सुटलेला. मी अंघोळ करून देवासमोर बसलो, भंडाऱ्याच्या वाटीला हात घातला. तेवढ्यात गिरजा मागून हळूच म्हणाली, "थांबा. ह्या खेपंला भंडारा देवाचाच हाय न्हवं?"

माझ्या हातातली वाटी कलंडली. वर बघितलं तर ती पाटावर खोबरं मांडत होती, जसं काही बोललीच नाही. भावकी "येळकोट येळकोट" करत होती.

आठ वर्षं कोणाला माहीत नव्हतं. खोली नंबर चारमध्ये सांगितलं आणि महिन्याच्या आत घरी पोचलं. कसं पोचलं ते माझ्यापुढं लख्ख होतं. बळीनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं पुसेगावात सांगितलं, पुसेगावातून गिरजाच्या कानावर आलं. मी गिरजाला एक शब्द विचारला नाही. विचारायची गरजच काय, असं वाटलं. संशयी माणसाला उत्तर आधी सापडतं.

पुढच्या रविवारी मी खोलीत पाय ठेवला तो ओरडतच. "कोण म्हणत व्हतं, इथलं इथंच ऱ्हातं? ह्या बळ्यानं माझी अब्रू पुसेगावच्या पाणवठ्यावर मांडली!"

बळी उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "दादा, माझी बहीण चार साल झाले माझ्याशी बोलत न्हाई. म्या तिच्या लेकीच्या लग्नात पिऊन पडलो व्हतो. मला दारात उभं करत न्हाई ती. म्या कोणाला सांगू?"

"खोटं बोलतो," मी म्हणालो.

काका म्हणाले, "बसा दोघंबी." बळी बसला नाही. खुर्चीखालची पिशवी उचलली आणि निघून गेला. मीही निघालो. जाताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं, हे लाज बाजूला ठेवून लिहितो.

पिशवीतली बाटली

त्यानंतर दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी एक क्वार्टर घेतली आणि पक्कड, पेचकस ठेवायच्या पिशवीत तळाशी घातली. उघडली नव्हती. अजून विचार करतोय, असं स्वतःला सांगत होतो. डॉक्टरचं बोलणं आठवत होतं, ती घडी केलेली चादर आठवत होती. तरी बाटली पिशवीतच होती.

दारात गिरजा. "ह करा." केलं. तिनं वास घेतला, मान हलवली, पण बाजूला झाली नाही. पिशवीला हात लावला. खालून चाचपत वर गेली आणि बाटली काढून उंबऱ्यावर ठेवली. मंगलला म्हणाली, "शेजारी जा."

माझा बांध फुटला. "मंग काय करू? तुमच्या पुसेगावच्या बाईनं सांगितलं न्हवं तुला? त्या बळ्याच्या बहिणीनं?"

"कोण बळ्या?"

"भंडाऱ्याचं. हळदीचं. कोणी सांगितलं तुला?"

ती खाली बसली. "सांगाया कशाला पायजे? त्या दिशी तुमी हात पुढं केला तवाच म्या बघितलं. वसमतची हळकुंडं आणून माझ्या हातानं कुटलेली हळद व्हती ती. देवाचा भंडारा फिक्का ऱ्हातो, आपली हळद तांबूस. माझ्या हातची हळद मला वळखू येत न्हाई व्हय?"

"आठ वर्षं? आन् बोलली काहून न्हाई?"

"काय बोलू? भाऊ समोर, पंच समोर." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्या तर देवाला हात जोडले. बरं झालं म्हणलं, खोटाच उचलला. तुमी मोडणारच व्हता. खरा उचलून मोडला असता, तर मंगलवर आलं असतं. दोन वर्साचं लेकरू व्हतं माझं. ह्या साली तुमी देवापुढं शुद्धीत बसले, म्हणून इचारलं."

मी उंबऱ्यावर बसलो. आमच्या दोघांच्या मध्ये ती बाटली. मला वाटत होतं मी तिला फसवलं, आणि ती आठ वर्षं मला सांभाळून घेत होती. तिनं माझ्यावर एक दिवससुद्धा विश्वास ठेवला नव्हता. मला फार लागलं ते, आणि तितकंच बरंही वाटलं, कारण ह्या घरात माझ्याबद्दल खरं माहीत असलेलं एक माणूस कायम होतं. मी रडलो. ती म्हणाली, "आता तो बळी कोण, ते सांगा."

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुमी त्या माणसाला हाकलून दिलं? माझ्या एका बोलण्यावरून?" बाटलीकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्याचं काय करायाचं ते तुमी करा. पर त्याला हुडका आधी."

बाटली मी मोरीत ओतली. गोठ्याच्या वळचणीत हात घालून बघितला. कागद तिथंच होता, उंदरांनी एक कोपरा कुरतडलेला. आतला भंडारा खरंच फिका होता.

बाळापूर

मंगळवारी रजा टाकून आखाडा बाळापूरला गेलो. बळीचं दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "महिना व्हत आला, शटर उघडलं न्हाई." त्यानं मागच्या गल्लीतलं घर दाखवलं.

बळी ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. वास दारापासूनच येत होता. मला बघून त्यानं पाय आखडून घेतले.

"कोणी पाठिवलं तुला?" तो म्हणाला.

"कोणी न्हाई."

"मंग काहून आला? आणखी काय ऱ्हायलं सांगायाचं?"

अगदी माझाच सूर. पहिल्या दिवशी नळावर काकांशी मी असाच बोललो होतो. मी हात जोडले. चूक माझी होती, तुझ्या बहिणीनं काही सांगितलं नाही, माझ्या बायकोनं हळदीवरून ओळखलं होतं, असं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. वसमतच्या हळदीपाशी त्याचा चेहरा जरासा हलला.

"तुझ्यामुळं न्हाई प्यालो," तो शेवटी म्हणाला. "मला निमित्त पायजेच व्हतं. तू दिलं." मग म्हणाला, "रविवार कवा हाय?"

"आज मंगळवार."

"तवर निघत न्हाई माझ्यानं."

मी चपला काढल्या आणि ओट्यावर त्याच्यासमोर बसलो. माझं नाव सांगितलं, मी दारुडा आहे म्हणालो, आणि बोलायला लागलो. खोलीत कधी न सांगितलेलं एकेक सांगितलं, खांबावरचंसुद्धा. तो भिंतीला डोकं टेकवून ऐकत होता. मग अडखळत तोही बोलला. पुढचे चार दिवस मी ड्यूटी संपल्यावर बाळापूरची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात फार थरथरले, तेव्हा काकांना निरोप धाडला, ते येऊन त्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. मेंढरं काही दिसली नाहीत त्याला. दिसली असती तर मी हाकलली असती.

रविवारी तो खोली नंबर चारमध्ये आला. मी उभा राहून सगळ्यांसमोर माझ्या खोट्या ठरलेल्या संशयाचं प्रकरण सांगितलं. दाराजवळच्या माझ्या खुर्चीवर त्या दिवशी एक नवा माणूस बसला होता, चपला पायात, खिशावर हात. तो माझ्याकडं फार अविश्वासानं बघत होता, आणि ते बरोबरच होतं.

बैठक संपल्यावर मी बळीला म्हणालो, "जेवायला घरी चल. गिरजानं बोलावलंय." तो नको नको म्हणत होता. कोणाच्या उंबऱ्यावर उभं राहायची त्याची सवय गेली होती. शेवटी आला.

गिरजा दारात उभी होती. तिनं पाहुण्याकडं न बघता आधी मला म्हटलं, "ह करा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "अगं, पाव्हणा हाय." ती हलली नाही. केलं. तिनं मान हलवली, मी आत गेलो. बळी मागं अंगणातच थांबला होता, जावं का राहावं अशा विचारात.

गिरजा दारातून हलली नाही. त्याच्याकडं वळून म्हणाली, "तुमी बी, भाऊ."

मला वाटलं, आता हा परत फिरणार. पण बळी दोन पावलं पुढं आला. टोपी काढली, डोळे मिटले, आणि तोंड उघडून लांब श्वास सोडला. गिरजानं वास घेतला, नीट घेतला, माझा घ्यायची तसाच.

"चार साल झाले," बळी डोळे न उघडता म्हणाला, "कोणी माझं तोंड हुंगलं न्हाई, वैनी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "या आत. पाट मांडलेत."